आधी ऐक, मग बघ

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र पोचलं. कार्यक्रम ऐकून घरी आलास, त्याच बँडचा अल्बम लावलास आणि तो तुला एकदम निर्जीव वाटला. आता अल्बम ऐकायचे तरी कशाला, असं विचारतोस. प्रश्न मनापासून आलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं एवढंच आहे : प्रत्यक्ष कार्यक्रम, त्याचा अल्बम आणि त्यावरचा चित्रपट या तीन वेगळ्या कलाकृती आहेत. एक अस्सल आणि बाकीच्या दोन तिच्या नकला, असं समजून ऐकायला बसलं की पदरी निराशाच येते. तू अल्बमकडे त्या रात्रीचा थरार मागत होतास. तो त्याच्याकडे नव्हताच. त्याच्याकडे जे होतं, ते तू मागितलंच नाहीस.

अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनचं उदाहरण घे. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका चर्चमध्ये ती लागोपाठ दोन रात्री गायली. तोवर सोल या अमेरिकन लोकप्रिय संगीतप्रकारात तिचं नाव जगभर झालं होतं, आणि तरी ती लहानपणापासूनच्या गॉस्पेलकडे, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांकडे वळली. त्या दोन रात्रींतून निवडलेल्या गाण्यांचा ‘अमेझिंग ग्रेस’ हा दुहेरी अल्बम त्याच वर्षी आला आणि तुफान गाजला. कार्यक्रमाचं चित्रीकरणही झालं होतं, चित्रपट दिग्दर्शक सिडनी पोलॅकने केलेलं. पण शॉट सुरू होताना क्लॅप दिलेला नव्हता. ती फळी खटकन मिटते तेव्हा त्या आवाजावरून आणि त्या चित्रावरून ध्वनी व दृश्य जुळवता येतात. ती खूणच नाही म्हटल्यावर फिल्मची रिळं मुकी होऊन पडून राहिली. पुढे संगणकाच्या मदतीने जुळणी झाली, तरी अरेथाने हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि चित्रपट लोकांपुढे आला तो २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये, तिच्या निधनानंतर. म्हणजे ४६ वर्षं लोकांकडे त्या दोन रात्रींचा फक्त आवाज होता.

आणि तो आवाज पुरत होता! शीर्षकगीत ऐक. दहा मिनिटांहून जास्त चालतं ते. एकेक अक्षर ती इतकं ताणते, वळवते, सोडून देते आणि पुन्हा उचलते, की पुढचा शब्द कधी येणार याची आपण वाट बघत राहतो. समोरचे लोक मध्येच ओरडून दाद देतात, ती दादही गाण्यात मुरते. हे सगळं डोळे मिटूनच नीट ऐकू येतं, असं मला अजूनही वाटतं.

चित्रपटात मात्र दिसतं, की याच गाण्याच्या वेळी जेम्स क्लीव्हलँड, म्हणजे जो तिच्या साथीला आहे, कार्यक्रम चालवतो आहे, गॉस्पेलमधला मुरलेला माणूस, तो बाजूला बसून तोंड झाकून रडतोय. अल्बमवरून हे कळायला काही मार्गच नव्हता. दुसऱ्या रात्री ती पियानोशी बसून गात असताना तिचे वडील पुढे येतात आणि रुमालाने तिच्या चेहऱ्यावरचा घाम टिपतात. ती गाणं थांबवत नाही. दोन गाण्यांच्या मध्ये ती जवळजवळ बोलतच नाही, हेही मला चित्रपटानेच दाखवलं. एवढं मोकळं गाणारी बाई इतकी अबोल!

१९९९ मध्ये या दोन्ही रात्रींचं संपूर्ण ध्वनिमुद्रणही प्रसिद्ध झालं. ते मूळ अल्बमशेजारी ठेवून ऐक. अल्बमचा क्रम लावताना कोणी काय पुढे आणलं, काय गाळलं, हे शोधत गेलास की अल्बम नावाची गोष्ट माणसं हाताने घडवतात, हे आपोआप उमगेल.

अल्बम घडवण्यात याहून धीट कोणी असेल तर बीटल्स हा इंग्लंडचा बँड. १९६६ च्या ऑगस्टनंतर त्यांनी दौरे बंद केले आणि पुढच्या वर्षी असा अल्बम काढला, जो स्टुडिओबाहेर जसाच्या तसा वाजवणं त्यांना तेव्हा शक्यच नव्हतं. पियानोवादक ग्लेन गूल्डने तर १९६४ मध्ये मैफली कायमच्या सोडल्या. त्याच्या मते ध्वनिमुद्रण हीच श्रेष्ठ कला होती. त्याचं हे मत मला पटत नाही, पण त्याने १९५५ आणि १९८१ मध्ये मुद्रित केलेली बाख या जर्मन संगीतकाराची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही रचना लागोपाठ ऐकली की वाद घालावासा वाटत नाही. पहिल्यात तो धावतो, दुसऱ्यात थांबून विचार करतो.

अल्बम ऐकताना शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावणं, बंद ठेव, हे तुला कळकळीने सांगतो. १९४८ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आणली तेव्हा एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली. त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीत तीन-चार मिनिटांतच सगळं आटपावं लागे. पहिली बाजू कशावर संपवायची आणि तबकडी उलटल्यावर कशाने उठाव घ्यायचा, यावर कलाकारांनी डोकं खपवलंय. गाणी विस्कटून ऐकलीस तर ती मेहनत तुझ्यापर्यंत पोचतच नाही.

आता प्रत्यक्ष कार्यक्रमाबद्दल. सगळे पुढे घुसतात. तू साउंड इंजिनिअरच्या टेबलाजवळ उभा राहा. आवाजाचा मेळ तो तिथे बसून, तिथल्या कानांनी लावत असतो. इअरप्लग न विसरता ने. ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरले, तर दर ३ डेसिबलमागे ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती फक्त १५ मिनिटं उरते. कानांवाचून आपल्याला दुसरं काय आहे? आणि फोन खिशात राहू दे.

वाद्यं जुळवतानाही लक्ष देत जा. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं लावत होते. लावून झाल्यावर लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. सूर लावणं एवढं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, असं रविशंकर म्हणाले. हा क्षण त्या कार्यक्रमाच्या, ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’च्या अल्बममध्ये तसाच ठेवला आहे. त्या श्रोत्यांना हसू नकोस. सूर जुळताना ऐकण्यातही आनंद असतोच, आणि त्यांनी तो घेतला.

मैफलीवरचे चित्रपट बघायला लागलास की कॅमेरा कोणाकडे बघतोय ते बघ. जोनाथन डेमीने टॉकिंग हेड्स या अमेरिकन बँडवर केलेला १९८४ चा ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ याबाबतीत मला फार आवडतो. रिकाम्या रंगमंचावर बँडचा गायक डेव्हिड बर्न एकटाच गिटार आणि कॅसेट प्लेअर घेऊन येतो, मग गाण्यागणिक एकेक वादक येऊन मिळतो, काळ्या कपड्यांतली माणसं मागून सामान आणून मांडतात. प्रेक्षक जवळजवळ शेवटापर्यंत दाखवलेलेच नाहीत. त्यामुळे नाचणाऱ्या गर्दीचे चेहरे बघून आपल्याला आनंद उसना घ्यावा लागत नाही. वादक एकमेकांकडे कसे बघतात, कोण कोणाला इशारा देतो, हे नीट दिसतं.

येत्या सुट्टीत अरेथाचा अल्बम सलग ऐक, दोन दिवस जाऊ दे आणि मगच चित्रपट लाव. उलट करू नकोस. एकदा ते चेहरे पाहिलेस की नुसता आवाज ऐकणं पुन्हा जमणार नाही. ऐकताना ती खोली, ते लोक, ती स्वतः तुला कशी दिसली ते चित्रपट बघण्याआधीच लिहून काढ आणि मला पाठव. मीही माझं लिहून ठेवलेलं तुला पाठवतो.

तुझ्या पत्राची वाट बघतोय.

तुझा,
एक जुना श्रोता