मूळ गावी सगळ्या घरच्यांना घेऊन गेलात, तेव्हा सर्वांत लक्षात राहिलं ते काय?

तुम्ही लिहिलंय की तुमचे पणजोबा नाशिकचे, घरातलं कुणीच अजून तिथे गेलेलं नाही आणि येत्या दिवाळीत आईवडिलांना घेऊन जायचं ठरतंय. प्रश्न वाचला आणि दुपारची कामं बाजूला ठेवून लिहायला बसले. आमचंही नाशिकच.

माझ्यापुरतं उत्तर म्हणजे पंचवटीतल्या एका गुरुजींच्या घरातलं वहीचं अर्धं पान. पण त्या पानापर्यंत आम्ही कसे पोचलो ते सांगितल्याशिवाय त्याचं मोल कळणार नाही.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. आजोबा १९४८ साली नाशिक सोडून इथल्या एका कापडगिरणीत हिशेबनीस म्हणून आले. वडिलांचा, म्हणजे नानांचा, जन्म इंदूरचाच. नाशिकला राहिलेली घरात एकटी आत्या. निघाली तेव्हा सात वर्षांची होती. तिच्या बोलण्यातून मात्र नाशिक कधी गेलं नाही. ‘गंगेवर जाऊन येते’ असं ती म्हणायची आणि आम्हा मुलांना वाटायचं, आत्या लहानपणी काशीला राहत असावी. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. मी चढ्या आवाजात बोलले की म्हणायची, ‘झाली सुरू नारोशंकराची घंटा!’ आणि दर रंगपंचमीला आमची इंदूरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली, अख्खा राजवाडा रंगात न्हाऊन निघाला, की ती खिडकीतून बघत एकच वाक्य बोलायची, ‘छान आहे, पण रहाड नाही.’

ती रहाड, म्हणजे नाशिकच्या रंगपंचमीचा रंगाचा हौद, तिला दाखवायची म्हणून आम्ही २०२०च्या रंगपंचमीची तयारी केली होती. कोरोना आला. पुढची दोन वर्षं अशीच गेली, मग आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. शेवटी २०२४ साली निघालो. आम्ही नऊ जण आणि एक टेम्पो ट्रॅव्हलर. आत्याला तेव्हा त्र्याऐंशी पूर्ण झाली होती.

इंदूर ते नाशिक रस्ता चारशे किलोमीटरच्या आसपास. सेंधव्याजवळ बिजासनीला हात जोडायचे, मग शिरपूर, धुळे, मालेगाव. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे, तो इंदूरकरांनी तरी चुकवू नये. पुढे पिंपळगाव बसवंतकडे आलो तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा आणि कडेला रचलेली कॅरेट. नाना एकेक मणी तोंडात टाकत होते. आत्या मात्र खिडकीला चिकटून बसली होती, कुणाशी बोलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी घर शोधायला गेलो. जुनं नाशिक नऊ टेकड्यांवर वसलेलं. ‘नाशिक नव टेकांवर वसविले’ अशी म्हणच आहे. गल्ल्या सरळ नाहीत, सारखा चढ आणि उतार. आमच्याकडे पत्ता म्हणजे एवढंच की तिवंधा चौकाजवळ भाड्याच्या वाड्यात दोन खोल्या होत्या. जुने वाडे बरेचसे गेले, दर पावसाळ्यात एखादा कोसळल्याची बातमी येतेच. माझा भाऊ मोबाइलवर नकाशा बघत पुढे, आम्ही मागे. एका वळणावर आत्या थांबली. काठी टेकून दोन पावलं मागे गेली, पुन्हा चढली आणि म्हणाली, ‘इथे माझा पाय दुखायचा. आईच्या हातात कळशी असायची, ती थांबायची नाही.’ तो चढ तिच्या पायांना आठवत होता. तिथून डावीकडे वळलो. वाड्याच्या जागी चार मजली इमारत, खाली स्टेशनरीचं दुकान. ती रडेल म्हणून वहिनी पाण्याची बाटली काढून तयार होती. आत्या रडली नाही. दुकानदारानं दिलेल्या स्टुलावर बसली आणि त्याला विचारलं, ‘मागच्या अंगाला आड होता, तो बुजवला का हो?’ त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं आत आवाज देऊन आपल्या आईला बोलावलं. त्या माउली पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, ‘होता की, आमच्या लग्नानंतर बुजवला.’ मग त्या दोघी अर्धा तास बोलत बसल्या, आम्ही बाकीचे बाहेर उन्हात उभे. तुम्हालाही असंच सांगेन. घर नसेल तर हिरमुसू नका, शेजारी गाठा.

दुपारी रहाड. तुम्ही दिवाळीत जाणार, म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण तुम्हाला ती दिसणार नाही. रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली बांधलेला पेशवेकालीन दगडी हौद. वर्षभर त्यावर लाकडी ओंडके, वर माती आणि त्यावरून रहदारी. आपण कशावरून चाललोय हे परक्याला कळणारही नाही. रंगपंचमीआधी काही दिवस तो खणून उघडतात, साफ करतात. फुलं-वनस्पती उकळून केलेला रंग त्यात ओततात. पूजेचा मान ठरलेल्या घराण्यांचा. मग वरून उड्या सुरू होतात, त्याला ‘धप्पा मारणं’ म्हणतात. तिवंध्याची रहाड पिवळी. ओळखीचं कुणी नसताना एका घरानं आत्याला पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत खुर्ची दिली. भावाच्या सतरा वर्षांच्या मुलानं धप्पा मारला तेव्हा पिवळं पाणी असं उसळलं की खालच्या ओट्यावर उभी असलेली मी डोक्यापासून भिजले आणि चार थेंब वर आत्याच्या पांढऱ्या लुगड्यावर गेले. ते डाग तिनं घासून काढू दिले नाहीत. पुढे चार-पाच धुण्यांत आपोआप फिके झाले.

संध्याकाळी गंगेवर. व्हिक्टोरिया पूल आता अहिल्यादेवी होळकर पूल आहे. इंदूरकर म्हणून आम्हाला त्याचं अप्रूप, आत्याच्या तोंडी मात्र जुनंच नाव. दुतोंड्या मारुती दिसला. पुराचं पाणी त्याच्या कुठवर चढलंय त्यावर गाव पुराचा अंदाज बांधतं. माझी चौदा वर्षांची लेक नारोशंकराच्या देवळाची घंटा बघून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, ‘आई, तू एवढी मोठी?’ ती घंटा वसईची, पोर्तुगीजांची. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली त्यानंतर इकडे आली. आमच्या घरातला तो शब्द आत्या एवढ्या लांबून सोबत घेऊन आली होती, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं.

काळारामाच्या देवळाबद्दल एक सांगते. नुसतं दर्शन घेऊन परतू नका. २ मार्च १९३० रोजी याच दारांवर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते आणि दारं बंद ठेवली गेली. लेकीनं हे पुस्तकात वाचलं होतं. दारापाशी तिला उभं करून मी म्हटलं, ‘हेच ते.’ आपलं मूळ गाव म्हटलं की तिथलं सगळंच आपलं, हेही आपलं.

त्र्यंबकेश्वराला आम्ही गेलो नाही. रांग मोठी होती आणि आत्याला तेवढा वेळ उभं राहणं झेपलं नसतं.

आता ती वही. नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. कुणी अस्थी घेऊन, श्राद्धाला किंवा यात्रेला आलं की नाव, गाव, सोबत कोण, घरात नवीन कोण जन्मलं हे त्यात लिहितात. कुठलं घराणं कोणत्या गुरुजींकडे ते आडनाव आणि मूळ गाव यांवरून ठरतं. रामकुंडावर एका गुरुजींना आम्ही विचारलं तर पहिलाच प्रश्न आला, ‘मूळ गाव?’ नाना म्हणाले, ‘नाशिक.’ ते म्हणाले, ‘नाशिकला येण्याआधीचं.’ नानांना सांगता येईना. आत्या म्हणाली, ‘आजी चांदोरीचं नाव घ्यायची. तिकडून तीळ यायचे.’ त्या एका शब्दावर आम्हाला पंचवटीतल्या एका गल्लीत पाठवलं.

गुरुजींनी लाल बासनात बांधलेल्या लांबट, अरुंद वह्या काढल्या. आधीची पानं मोडी लिपीत. ती त्यांनीच वाचून दाखवली. आमच्या पणजोबांचे वडील, राहणार चांदोरी, तालुका निफाड. नानांनी आपल्या आजोबांचं नाव ऐकलेलं होतं, त्याच्या वरची दोन नावं त्या दिवशी पहिल्यांदा कानावर पडली. मग पानं उलटत १९५६ वर आले. तिथे देवनागरीत, निळ्या शाईत, आजोबांचं अक्षर. सहीखाली दोन रेघा आणि मधोमध टिंब. ही सही नानांच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर आहे, आमच्या कपाटात. नाना बोटानं त्या टिंबाला हात लावणार होते, मग त्यांनी हात मागे घेतला आणि नुसते वाकून बघत राहिले.

मजकूर चारच ओळींचा. मातोश्रींच्या अस्थी घेऊन आलो. सोबत पत्नी. पुत्र, आणि पुढे नानांचं पूर्ण नाव. कन्या १.

भावानं ते मोठ्यानं वाचलं. आत्यानं विचारलं, ‘कन्या एक म्हणजे?’ कुणीच बोललं नाही. ती म्हणाली, ‘मी होते की. पंधरा वर्षांची होते. बाळ सहा वर्षांचा, पाण्याकडे पळायचा, त्याला धरून पायरीवर मीच बसले होते.’ बाळ म्हणजे नाना. नाना हळूच म्हणाले, ‘हो ताई, तूच होतीस.’

गुरुजी तरुण होते, पस्तिशीचे असतील. त्यांनी सांगितलं की पूर्वी लेकींची नावं सहसा लिहीत नसत, लग्नानंतर दुसऱ्या घरच्या वहीत जाणार म्हणून. आता सांगितलं तर लिहितो. आमच्या सगळ्यांची नोंद घ्यायला त्यांनी नवं पान उघडलं होतं, ते त्यांनी आत्यापुढे सरकवलं आणि पेन तिच्या हातात दिलं. ‘आजी, तुम्हीच लिहा.’

तिचा हात आता थरथरतो. तिनं आधी माहेरचं पूर्ण नाव लिहिलं. थांबली. खाली सासरचं. मग आणखी एक ओळ, ‘सन १९५६ साली मी सोबत होते.’ एवढ्याला दहा मिनिटं लागली असतील. बाहेर पोरांची गडबड चालू होती, आत कुणी हललं नाही. तिच्याखाली मी लिहिलं, मग वहिनीनं, मग माझ्या लेकीनं. वहीत एकाखाली एक आम्ही चौघी आहोत.

तिसऱ्या दिवशी अर्थातच चांदोरी. नाशिकपासून पंचवीसेक किलोमीटर, गोदेच्या काठावर. उन्हाळ कांद्याची काढणी चालली होती. आमचं तिथे कुणी उरलेलं नाही. पण एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला आडनाव सांगितलं तर त्यांनी लगेच हात करून दाखवलं, ‘ते पल्याडचं वावर. इकून लई वर्षं झाली, पण आम्ही अजून तुमच्याच नावानं हाक मारतो त्याला.’ निघताना त्यांनी अर्धी गोणी कांदे गाडीत टाकले. पैसे काही केल्या घेतले नाहीत.

तुमच्यासाठी कामाचं तेवढं सांगते. निघण्याआधी घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसाजवळ बसून पणजोबांपर्यंतची नावं, मूळ गाव, कुलदैवत आणि कोण कधी अस्थी घेऊन गेलं ते कागदावर उतरवून घ्या. गावाचं नाव आठवत नसेल तर धान्य कुठून यायचं, लग्नाला कुठे जायचे, असं आडून विचारा. गुरुजींकडे सकाळी लवकर जाऊ नका, तेव्हा ते घाटावर विधींत असतात, आम्हाला दुपारनंतर निवांत वेळ मिळाला. आणि शक्यतो ही दिवाळी चुकवू नका. २०२७ सालच्या सिंहस्थाच्या गर्दीत वयस्कर माणसांना रामकुंडावर नेणं फार अवघड होईल.

रहाड तुम्हाला बंद मिळेल. तरी तिवंधा चौकात जा आणि कुठल्याही दुकानदाराला विचारा, ती नेमकी कुठे आहे ते पायानं दाखवतील.

वहीत तुमच्या घरच्या लेकींची नावं आहेत का, ते मात्र मला नक्की कळवा.