पांदण रस्त्यावर रिजेन किती ठेवावा?

नवीन इलेक्ट्रिक मोटरसायकलचा रिजेन (म्हणजे वेग कमी होताना मोटरने गाडीला रोखून त्या ऊर्जेची वीज बॅटरीत परत भरण्याची सोय) सर्वांत वरच्या पातळीवर ठेवल्यास एका चार्जवर जास्त अंतर मिळते का आणि खेड्यातील रस्त्यांवर तो किती ठेवावा, असे आपण विचारले आहे. मी अचलपूर तालुक्यात राहतो आणि दोन वर्षांपासून अशीच गाडी शेतात, परतवाड्याच्या बाजारात आणि अधूनमधून चिखलदऱ्याला नेतो. माझे मत असे की वेगाची मूठ (ॲक्सिलरेटर) सोडल्यावर लागणारा रिजेन सौम्य असावा आणि जोराचा रिजेन ब्रेक लिव्हरशी जोडलेला असावा.

आधी हिशेब पाहू. गाडी आणि चालक मिळून २०० किलो धरले, तर ताशी ५० किलोमीटर वेगाला गाडीत साधारण साडेपाच वॅट-तास ऊर्जा असते. त्यातली तीन वॅट-तास बॅटरीत परतली, तरी किलोमीटरला तीस वॅट-तास लागणारी गाडी तेवढ्यावर शंभर मीटरच जाईल. आमच्या सपाट रस्त्यांवर ब्रेक क्वचितच लागतो. तेथे पुढचे वळण ओळखून गाडी मोकळी धावू देणेच अधिक फायद्याचे आहे, कारण वेग आधी काढून घेऊन बॅटरीत भरायचा आणि पुन्हा मोटरला द्यायचा, यात दोन्ही वेळा तूट येते.

घाटात मात्र रिजेन खरोखर कामाला येतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याला येताना सुमारे ७०० मीटर उतार आहे, म्हणजे त्याच वजनाला साधारण ३८० वॅट-तास. त्यातली निम्मी मिळाली तरी सहा किलोमीटरांची सोय होते आणि ब्रेकही तापत नाहीत. परंतु वरून निघताना बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर ती आणखी वीज घेऊ शकत नाही आणि रिजेन जवळजवळ बंद पडतो. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या बॅटरीचेही तसेच होते, कारण बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असा दंडक असतो. म्हणून ब्रेकची सवय कधीही मोडू देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पकडीचा आहे. रिजेन फक्त मागच्या चाकावर लागतो आणि वेग कमी होताना भार पुढे सरकल्यामुळे नेमके तेच चाक हलके होते. पहिल्या पावसाळ्यात पांदणीतून डांबरी रस्त्यावर चढल्यावर मी मूठ एकदम सोडली. ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेल्या काळ्या मातीच्या थरावर मागचे चाक आडवे सरकले आणि मागे बसलेल्या माझ्या मुलीचा पाय खरचटला. ब्रेकला मी हातही लावला नव्हता. चाक लॉक होऊ नये म्हणून एबीएस ही यंत्रणा ब्रेकचा दाब कमी करते. मोटरचा ओढा ती प्रत्येक गाडीत कमी करेलच असे नाही. त्या दिवसापासून पावसाळ्यात मी सर्वांत खालची पातळी ठेवतो.

पातळ्यांच्या संख्येपेक्षा रिजेन कसा चढत जातो, हे मला अधिक मोलाचे वाटते. तो झटक्याने न येता हळूहळू वाढावा आणि मूठ पूर्ण मिटण्याच्या थोडे आधी गाडी मोकळी धावेल असा टप्पा असावा. झीरो या अमेरिकी कंपनीच्या इलेक्ट्रिक मोटरसायकलींवर मूठ सोडल्यावरचा आणि ब्रेक लावल्यावरचा रिजेन वेगवेगळा ठरवता येतो. ही सोय आपल्याकडच्या प्रत्येक गाडीत असायला हवी. आपल्या गाडीत ती नसेल, तर कोरड्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० च्या वेगाने प्रत्येक पातळी तपासावी आणि मूठ सोडल्यावर मागचा लाल दिवा लागतो की नाही, हे कोणाला तरी मागे उभे करून पाहून घ्यावे.