आजोबांची पद्मिनी उघडायच्या आधी

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला, फोटो सगळे झूम करून करून बघितले. आजोबांची प्रीमियर पद्मिनी गाडी इतकी वर्षं बेळगावातल्या शहापूरच्या शेडमध्ये उभी राहिली आणि कुणी भंगारात घातली नाही, हेच मोठं झालं, लई बरं वाटलं बघ. आता तुझा प्लॅन. सुट्टी लागली की गाडी पूर्ण सुटी करायची, इंजिन खाली घ्यायचं, पत्रा घासून मूळचा रंग मारायचा आणि मग एकेक पार्ट चढवत यायचं. वाचायला छान वाटतंय, पण असं करू नकोस. हात जोडून सांगतोय, सगळी गाडी एकदम सुटी करू नकोस.

घरी काम काढलेल्या गाड्या अर्ध्यात पडतात त्या ह्याच पायी. पहिला महिना जोरात जातो, बोल्ट डब्यात, दारं भिंतीला टेकवलेली, सीटं माळ्यावर, आणि मग परीक्षा येते, घरात लग्न निघतं, पुण्याला नोकरी लागते, आणि शेडमध्ये जे उरतं ते ढकलून बाहेरसुद्धा काढता येत नाही, कुठला नट कुठला ते कुणाला आठवत नाही, आणि शेवटी घरचंच कुणीतरी किलोवर देऊन टाकतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, एका वेळी एकच काम उघडायचं, ते पूर्ण जोडायचं, गाडी परत स्वतःच्या चार चाकांवर उभी करायची आणि मगच पुढचं काढायचं. ब्रेक घेतलास तर ब्रेकच. वायरिंग घेतलंस तर वायरिंगच. दोन-तीन वर्षं लागतील, लागू देत की.

पण पान्याला हात लावायच्या आधी कागद. गाडी ८४ ची, कोल्हापूर पासिंगची, आणि उभी बेळगावात. हे आपल्याकडे घरोघरी आहे, निपाणीला घर आणि कागलला शेत असतंय लोकांचं, गाड्या पण तशाच इकडेतिकडे. पण कायद्याने दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, त्याला मूळ आरटीओची एनओसी लागते, तो फॉर्म २८, आणि त्याच्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा लागतो. म्हणून सांगतोय, नंबर जिथे ठोकलाय तिथे ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर लागायच्या आधी तो स्वच्छ करून फोटो काढ, ठसे काढून ठेव, दोन-तीन जास्तच काढ. पेंटरच्या पोराने नंबरावर लांबी (पुट्टी) फासली की पुढे तुझीच पळापळ. आजोबांच्या नावावरून वारसाने तुमच्या नावावर करायला फॉर्म ३१ आहे, तो आधी. जुनं आरसी बुक (गाडीच्या नोंदणीचं) कागदाचं आहे म्हणजे कॉम्प्युटरवर नोंद नसेल तर बॅकलॉग एंट्री पण करून घ्यावी लागेल. आरसी पंधरा वर्षं आणि मग पाच-पाच वर्षांनी रिन्यू करायची असते, त्याची फी २०२२ पासून खूप वाढलीय आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना त्यानंतर अजून वाढली, ती बजेटमध्ये धर. कुणी तुला विंटेज नंबर घे म्हणालं तर तो २०२१ चा नियम पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना आहे, तुझ्या गाडीला २०३४ पर्यंत वेळ आहे, आणि त्या नंबरवर गाडी रोज वापरता येत नाही. तुला तर ती कॉलेजला न्यायचीय.

आता इंजिन, कारण तुझा जीव तिथेच अडकलाय ते कळतंय मला. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला लोक नवी बॅटरी आणतात आणि थेट चावी फिरवतात. सिलिंडर कोरडे, रिंगा चिकटलेल्या, त्यात स्टार्टरने हिसका दिला की रिंग तुटते नाहीतर आत ओरखडा पडतो, आणि मग खरंच इंजिन खाली घ्यावं लागतं. तू असं कर. चारी प्लग काढ, कुठल्या सिलिंडरचा कुठला ते लिहून ठेव, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे पातळ तेल सोड आणि तीन-चार दिवस अजिबात हात लावू नकोस. मग पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हळू फिरवून बघ. अडलं तर जोर करायचा नाही, परत तेल, परत थांबायचं. मोकळं फिरलं की जुनं ऑइल काढ, फिल्टर बदल, नवं ऑइल घाल आणि प्लग बाहेर ठेवूनच थोडा थोडा स्टार्टर मार, डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझला म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल पोचलं, त्याच्या आधी पेट्रोलचं नाव काढायचं नाही.

इंजिन एकदा चालून गरम झालं की कंप्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, लाव. चारी सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असले की समाधान मान आणि इंजिन उघडायचा विषय सोडून दे. एखादा पडलेला दिसला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत बघ, आकडा चढला तर रिंगा गेल्यात, जागच्या जागी राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाही किंवा हेड गॅस्केट गेलंय. दहा मिनिटांच्या ह्या कामावर पुढचा सगळा खर्च ठरतो, आणि मेस्त्री लोक बऱ्याचदा ते न करताच इंजिन बांधायला घेतात. ह्या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं, चाळीसेक हॉर्सपॉवरचं, साधं पुशरॉडवालं, लवकर मरणारं नाही. एकच सांभाळ, ब्लॉक बिडाचा आहे आणि हेड ॲल्युमिनियमचं. गाडी एकदा चांगली तापली की हेड वाकतं आणि नुसतं पाणी घालून चालवली तर ते आतून खात जातं, त्यात आपल्या बोअरचं पाणी क्षाराचं. रेडिएटर आणि ब्लॉक दोन्ही धुऊन घे, होज सगळे नवे, आणि कूलंटच घाल. हेड वाकलंच असेल तर उद्यमबागेत फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट, करून देणारे आहेत, फक्त परत बसवताना मधल्या नटापासून बाहेर बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने. अंदाजाने आवळणाऱ्याच्या हातात पाना देऊ नकोस, तो कितीही जुना मेस्त्री असू दे.

पेट्रोलचं पण ऐक. आता पंपावर येतंय ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, आपल्याच चिक्कोडी-रायबाग-अथणीच्या पट्ट्यातला ऊस त्यात आहे, तेव्हा तक्रार कशाला करू. पण ८४ साली ही गाडी बनवताना कुणी ते धरलेलं नव्हतं. जुना रबरी पाइप त्याने फुगतो, पंपाचा पडदा कडक होऊन फाटतो, आणि टाकीत इतकी वर्षं बसलेली घाण सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, जाऊन बसते. म्हणून टाकी काढून धुवायची, पाइप सगळे ई-२० ला चालणारे टाकायचे, पंपाचा पडदा बदलायचा, मध्ये फिल्टर बसवायचा. इथेनॉलमुळे पेट्रोल-हवेचं मिक्श्चर थोडं पातळ होतं, गाडी चढाला ठोकायला लागली किंवा झटके खाल्ले तर जेट एक नंबर मोठा लागेल, पण ते गाडी चालल्यावर बघू. आणि टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग अजिबात नाही. रिकामी दिसते म्हणून लोक फसतात, आतली वाफ पेटते आणि माणूस जातो. नवी टाकी बघू नाहीतर ज्याचं तेच काम आहे त्याच्याकडे देऊ.

आता पत्रा, कारण फोटोत मला सगळ्यात जास्त काळजी ड्रायव्हरच्या दाराखालची वाटली. जीपला असते तशी वेगळी चेसिस ह्या गाडीला नाही, बॉडी हीच चेसिस. दाराखालच्या त्या पोकळ सिल आणि तळाचा पत्रा ह्यांच्यावर सगळा भार. काडेपेटीचा रिकामा खोका एका बाजूने कापून बघ, हात लावला की तिरका होतो, तसंच आहे हे. आपल्याकडे मृग लागला की चार महिने भिंतींना ओल, खानापूरकडे तर विचारूच नको, आणि ती ओल सिलच्या आत शिरून बसते. बाहेरून रंग छान आणि आत भुगा. एक लोहचुंबक घे, मऊ कापडात गुंडाळ आणि सिलवर, चाकांच्या कमानीवर, डिकीच्या तळाला फिरव. जिथे धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघ, आत गेला तर खडूने खूण कर.

खुणा जास्त निघाल्या तर घाबरू नकोस, पण क्रम चुकवू नकोस. दोन्ही बाजूच्या सिल एकाच वेळी कापायच्या नाहीत. एक बाजू घ्यायची, कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्डिंगचे टाके घालून बसवायचा, गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) लोंबकळत न ठेवता चाकांवर भार ठेवूनच काम करायचं, आणि मधून मधून दार लावून बघत राहायचं. दाराची फट वर एक आणि खाली एक दिसायला लागली की तिथेच थांबायचं, बॉडी बसायला लागलीय. पत्रा २० गेजचा सीआर, वेल्डिंग सीओटूचं, थोडं थोडं, जागा बदलत, नाहीतर पत्रा तापून लाटा येतात. बॅटरी काढून, टाकी काढून. आणि कुणी म्हणालं की वरून पत्रा मारून देतो, आतलं कुजलेलं राहू दे, तर त्याला चहा पाजून परत पाठव. आतली ओल आतच राहते आणि दोन पावसाळ्यात नवा पत्रा पण जातो. आत झिंक प्रायमर, बाहेरचं झालं की सिलच्या पोकळीत मेण सोडायचं, आणि खालची पाणी जायची भोकं मोकळी ठेवायची, ती पेंटर हमखास बुजवतात.

हे टिनकाम दिवाळी ते मृग एवढ्यातच काढ. प्रायमर ओल पितो, त्यामुळे प्रायमर मारलेली बॉडी पावसाळ्यात ठेवलीस तर खालून गंज परत सुरू. पावसाळ्याचे चार महिने वायरिंग, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, सीटं, असली टेबलावर बसून होणारी कामं. आणि ते प्लास्टिकचं ताडपत्री कव्हर आजच काढ, गाडी आत घामेजते त्याने. सुती चादर टाक.

ब्रेकला मात्र अर्धंमुर्धं काही नाही. चारी चाकांना ड्रम आहेत आणि ह्या जुन्या गाड्यांत सगळं एकाच मास्टर सिलिंडरवर, म्हणजे एक पाइप फुटला तर पॅडल थेट खाली. म्हणून मास्टर सिलिंडरचं किट, चारी व्हील सिलिंडर, रबरी होज, लोखंडी पाइप, सगळं नवं, परवडलं नाही तर रंग पुढच्या वर्षी. सिलिंडरच्या आत खड्डे दिसले तर घासून वापरायचा मोह टाळ. रबर कधीही पेट्रोल-डिझेलने धुऊ नकोस, फुगतं, ब्रेक ऑइलनेच धुवायचं. आणि ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, आपल्या हवेत तर जास्तच, फोडलेला डबा पुढच्या वर्षी वापरायचा नाही. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही नाही, घोड्या लावायच्या, चाकांना उटी, म्हणजे अडवायला दगड, लावायची, आणि घरात कुणाला तरी सांगून जायचं. ह्यात मला तुझा एकही बहाणा चालणार नाही.

रंगाबद्दल एवढी पानं भरून विचारलंस, पण ते शेवटी. आजोबांनी घेतली तेव्हाचा रंग बॉनेटच्या आत किंवा सीटखाली मूळचा सापडेल, तो जुळवून घेऊ.

पार्टचं मात्र आत्तापासून बघायला लाग. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनत होती, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी, साधारण २००० पर्यंत, आणि यांत्रिक भाग बरेचसे तेच राहिले, त्यामुळे डिलाइटचं बरंच काही तुला लागू होतं. इतकी वर्षं मुंबईच्या टॅक्सीमुळे ह्या गाडीचा माल सगळीकडे मिळायचा. ऑक्टोबर २०२३ ला शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षं भरली आणि ती रस्त्यावरून गेली, आता दुकानदार नवा माल कशाला भरतील? म्हणून किंग पिन आणि बुश, वॉटर पंपचं किट, क्लच प्लेट, गॅस्केट सेट, दारांची रबरं, हे दिसेल तिथे घेऊन ठेव, लागायची वाट बघू नकोस. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि आपल्या खडेबाजारात जुन्या दुकानदारांना जाऊन भेट, फोनवर ते नाही म्हणतात, समोर उभी राहिलीस की माळ्यावरून काढतात. बुश वगैरे नाहीच मिळालं तर लेथवर करून घेता येतं, जुना पार्ट फक्त फेकू नकोस, तोच नमुना.

काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्याच भोकात दोन आटे परत बसवून ठेवायचा, नाहीतर पिशवीत घालून नाव लिहायचं, काढायच्या आधी फोटो, आणि एक वही, तारीख घालून, काय काढलं काय बसवलं किती लागले. वही बाबांना पण दाखवत जा, पैसे कुठे जातात ते दिसलं की घरचे पाठीशी राहतात.

मी पुढच्या रविवारी सकाळी येतो. तोवर कागद एका फाइलीत लाव, चेसिस नंबरचे ठसे काढ, चुंबक फिरवून खुणा कर, आणि प्लग काढून तेल सोडून ठेव. बॅटरी जोडू नकोस. कंप्रेशन गेज माझ्याकडे आहे, मी घेऊन येतो, घोड्या मात्र चार लागतील, शेजारच्या गॅरेजवाल्याला आजच विचारून ठेव.

काका