पुणे डिव्हिजन नको, पलटण शोधा

तुमची पोस्ट वाचली. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत असलेले पणजोबांचे थोरले भाऊ "पुणे डिव्हिजनमधून बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत", घरात त्यांचं चांदीचं पदक आहे, आणि डिव्हिजनचं रेकॉर्ड कुठे मिळेल असं तुम्ही विचारलंय. अगदी हेच वाक्य माझ्या आजीच्या तोंडी असायचं. आमच्या घरातलेही एक जण त्याच डिव्हिजनमधून गेले.

डिव्हिजनच्या नावाने अर्ज करू नका. मी तीन वर्षं तेच केलं. "सहावी पुणे डिव्हिजन, १९१४ ते १९१६" असं लिहून एका कार्यालयाला अर्ज, मग स्मरणपत्र, मग पुन्हा अर्ज. दर वेळी तीच एक ओळ: "सदर नोंद आढळत नाही." दोनदा रजा काढून स्वतः गेलो. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता कागद परत सरकवला. "शिपायाचं नाव डिव्हिजनखाली नसतं, पलटणीखाली असतं, पलटण कळवा" एवढं कुणी बोललं असतं, तर माझ्या वडिलांना आपल्या चुलत्याचं काय झालं ते हयातीत कळलं असतं. तो राग अजून जात नाही.

शांततेच्या काळात ही डिव्हिजन म्हणजे एक इलाखा होता. मुख्यालय पुण्यात, तीन ब्रिगेड पुणे, अहमदनगर आणि बेळगावच्या. प्रत्येक ब्रिगेडमध्ये पलटणी, म्हणजे बटालियन. त्या येत, दोन-चार वर्षं राहत, बदलून जात. नोव्हेंबर १९१४ मध्ये ती इराकच्या किनाऱ्यावर फावला उतरली आणि त्याच महिन्यात बसरा घेतलं, तेव्हा तिच्यात गोऱ्यांच्या, पंजाबी, राजपूत अशा सगळ्या पलटणी होत्या. मराठ्यांच्या तीन: १०३, ११० आणि ११७, त्याही तीन वेगळ्या ब्रिगेडमध्ये. त्यामुळे ब्रिगेड नगरची म्हणून माणूस नगरचा, असं धरून चालू नका.

पलटण तुमच्या हातातच आहे. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घ्या, तिरका उजेड पाडा. आणि कृपा करून सराफाकडे उजळायला देऊ नका. आमचं पदक दर दसऱ्याला पूजेसाठी घासलं जायचं, नंबरातले शेवटचे दोन आकडे त्यात गेले. "११७ मराठाज" मात्र वाचता आलं, आणि तिथून सगळं सुटत गेलं.

इराकातल्या कूत गावात ७ डिसेंबर १९१५ ला या डिव्हिजनला तुर्कांचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला तिने शरणागती पत्करली. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, कितीतरी जणांना रास-अल-ऐनकडे (आजच्या सीरियात) रेल्वेच्या कामावर जुंपलं. आमच्या माणसाची मृत्यूची तारीख सप्टेंबर १९१६ ची निघाली. म्हणजे शंभर वर्षं घरात "लढाईत पडले" म्हणत होतो, ते कैदेत गेले होते. तुमच्याकडची तारीख एप्रिल १९१६ नंतरची निघाली तर हीच शक्यता आधी बघा.

कूतनंतर ही डिव्हिजन पुन्हा उभी राहिली नाही. पलटणी मात्र नव्याने भरल्या गेल्या, आणि १९२२ मध्ये एकाच मराठा रेजिमेंटमध्ये १०३ ची पहिली, ११० ची तिसरी, ११७ ची पाचवी बटालियन झाली. आजच्या कागदांत जुना नंबर दिसला नाही तर घाबरू नका.

बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे, पण आपल्या शिपायांची नावं भिंतीवर कोरलेली नाहीत, पलटणीपुढे नुसता आकडा आहे. नावं नोंदवहीत आहेत आणि राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. शोधताना इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी करून बघा, कारकुनाने कानाला आलं ते लिहिलंय. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका असतो, पण जिल्हे जुने. रायगडचा माणूस कुलाब्यात सापडेल, सिंधुदुर्गचा रत्नागिरीत.

मी इतिहासकार नाही, हा फक्त माझा अनुभव. तुमचे नातलग नंतरच्या भरतीतले असतील तर वाट थोडी वेगळी असेल, कारण नंतर तिथे दुसऱ्या डिव्हिजनांतूनही मराठा पलटणी गेल्या होत्या. पदकाच्या कडेचे चार बाजूंनी फोटो टाका, अक्षरं लावायला मी बसतो.