छातीतला कफ आणि एका बाटलीतली तीन औषधं

प्रश्न : छातीत कफ दाटल्यामुळे डॉक्टरांनी अँब्रोक्सॉल, लेव्होसाल्ब्युटामॉल आणि ग्वायफेनेसिन असलेलं सिरप दिलं आहे. दोन दिवस झाले, खोकला उलट वाढल्यासारखा वाटतो आणि हात थरथरतात. औषध बंद करू का?

उत्तर : हे सिरप खोकला दाबणारं नाहीच, ते कफ बाहेर काढणारं आहे. अँब्रोक्सॉलने चिकट, तार धरलेला कफ पातळ होतो. ग्वायफेनेसिन श्वासनलिकांमधला ओलावा वाढवतं. लेव्होसाल्ब्युटामॉल आवळलेल्या नलिका सैल करतं, म्हणून घरघर कमी होते आणि कफाला वाट मिळते. सुटलेला कफ वर यायचा तर खोकला येणारच. बेडका आता कमी जोर लावून पडतो का आणि खोकून झाल्यावर छाती हलकी वाटते का, हे बघा. दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल, तर दिशा बरोबर आहे.

थरथर लेव्होसाल्ब्युटामॉलची. लेबलवर बघा : अशा बऱ्याच सिरपांत दर ५ मिलीमध्ये ते १ मिलिग्रॅम असतं. इनहेलरच्या एका फवाऱ्यात असतं ५० मायक्रोग्रॅम. म्हणजे वजनाने पाहिलं तर ५ मिली सिरपात २० फवाऱ्यांचं औषध आहे. फवारा थेट श्वासनलिकांत जातो. सिरप पोटातून रक्तात आणि तिथून अंगभर फिरतं, हातांच्या स्नायूंपर्यंत आणि हृदयापर्यंतही. हलकी थरथर बहुधा काही दिवसांत ओसरते. तोवर चहा-कॉफी कमी ठेवा, त्यांनी धडधड वाढते. तुम्ही दम्यासाठी याच गटातला फवारा घेत असाल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण दोन्हींची बेरीज होते.

ठोके चुकल्यासारखे वाटले किंवा छातीत दुखलं, तर पुढचा डोस न घेता लगेच डॉक्टर गाठा. अँब्रोक्सॉलने क्वचित त्वचेची गंभीर ॲलर्जी होते. अंगावर पुरळ उठलं, फोड आले किंवा तोंड आलं, तर औषध तिथल्या तिथे थांबवून त्याच दिवशी दाखवा. थुंकीत रक्त, बसल्या जागी धाप, तीन दिवसांहून जास्त ताप, यांत सिरपच्या भरवशावर थांबू नका. खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेला, तरी तपासणी हवीच.

प्रश्न : घरात खोकल्याची दुसरी बाटली आहे, डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि क्लोरफेनिरामिनची. झोप लागावी म्हणून रात्री ती घेतली तर चालेल?

उत्तर : छाती भरलेली असताना नाही. डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकल्याची उबळच दाबतं. पहिल्या सिरपने कफ सुटतो, दुसरं तो आतच अडकवून ठेवतं. क्लोरफेनिरामिनने गुंगी येते आणि कफ सुकून आणखी घट्ट होऊ शकतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर डेक्स्ट्रोमेथॉर्फन घातकही ठरतं. त्यापेक्षा रात्रीचा डोस झोपायच्या दोन तास आधी घ्या, म्हणजे पाठ टेकण्यापूर्वी बराचसा कफ पडून जातो. उशी थोडी उंच ठेवा.

बाटली ‘खोकल्याची’ आहे एवढ्यावर कधीच जाऊ नका. आतली नावं वाचा.

प्रश्न : चिठ्ठीवर ‘दोन चमचे’ लिहिलं आहे. नक्की किती घ्यायचं?

उत्तर : औषधाच्या भाषेत एक चमचा म्हणजे ५ मिली, म्हणून दोन चमचे म्हणजे १० मिली. स्वयंपाकघरातला चमचा यासाठी वापरू नका. कुणाचा ३ मिलीचा, कुणाचा ७ मिलीचा. बाटलीबरोबरचं खुणांचं झाकण सपाट जागी ठेवा, डोळे खुणेच्या पातळीला आणा आणि मग ओता. हातात धरून वरून पाहिलं की माप चुकतं. सिरप दाट असल्यामुळे थोडं तळाला चिकटून राहतं. घोटभर पाणी घालून तेही पिऊन टाका.

ताळा घ्यायची सोपी रीत : दिवसातून तीनदा १० मिली घेतलं, तर १०० मिलीची बाटली तीन दिवस आणि वर एक डोस एवढीच पुरते. ती आठवडाभर चालली, तर माप कमी पडतंय. जेवणानंतर घेतलं तर मळमळ कमी होते. एखादा डोस राहून गेला, तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी आणि मधुमेह, दोन्ही आहेत. हे सिरप चालेल?

उत्तर : गोळी कोणती, त्यावर आहे. प्रोप्रॅनोलॉल लेव्होसाल्ब्युटामॉलच्या थेट उलट काम करतं आणि स्वतःही श्वासनलिका आवळू शकतं. मात्र ती गोळी मनाने बंद करू नका, एकदम सोडणं धोक्याचं असतं. डॉक्टर बदलून देतील. गोळी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल असेल आणि खोकला कोरडा, घशात खवखवणारा असेल, तर खोकला त्या गोळीचाच असू शकतो. मग कितीही बाटल्या संपवा, तो हटणार नाही.

मधुमेहासाठी बिनसाखरेचं सिरप मागा. तरीही लेव्होसाल्ब्युटामॉलने साखर थोडी चढू शकते, तेवढे दिवस ती जास्त वेळा तपासा.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलाला यातलंच निम्मं दिलं तर?

उत्तर : देऊ नका. मुलांची मात्रा वय आणि वजन पाहून डॉक्टर ठरवतात, मोठ्यांच्या बाटलीतून निम्मी करून नाही. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. या वयात ते ४० किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर ताबडतोब रुग्णालयात न्या.