वाचक विचारतात : आई गेल्यानंतर वडिलांची तब्येत

प्रश्न : आईला जाऊन तीन महिने झाले. वडील ७१ वर्षांचे, तासगाव तालुक्यात गावी एकटेच राहतात. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत, पण अलीकडे सदरा ढिला व्हायला लागलाय. पाहुणे म्हणतात, बायको गेली की माणूस फार दिवस काढत नाही. खरं आहे का? त्यांना विश्रामबागेत आमच्या फ्लॅटवर आणावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : धोका खरा आहे, पण अटळ नाही. इंग्लंड-वेल्समधल्या ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होते. सर्वांत मोठी वाढ हृदयविकारात दिसली. पुढे हे प्रमाण हळूहळू उतरलं. तुमच्या हातात आहेत ते पुढचे तीन महिने, आणि ते मोलाचे आहेत.

दुःखाचा ताण हृदयावर येतोच. पण आई जी कामं न बोलता करत होती, ती आता कुणाकडेच नाहीत हे तितकंच घातक. कोणती गोळी जेवणाआधीची, स्ट्रिप कधी संपते, पायाला सूज आलीय का, हे तीच बघायची.

म्हणून येत्या रविवारी गावी जाऊन गोळ्यांचा डबा उपडा करा. जुन्या, बंद केलेल्या स्ट्रिप बाजूला काढा. सात दिवसांचा, सकाळ-रात्र कप्प्यांचा डबा आणून भरा. रिकामा न झालेला कप्पा लगेच दिसतो. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी घेऊन जेवण चहा-खारीवर भागवलं, की शुगर एकदम उतरते. घाम, थरथर, गरगरणं ही तिची लक्षणं. शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा तपासावी. शेजाऱ्यांनाही हे दाखवून ठेवा. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल या बीपी-हृदयाच्या गोळ्या मध्येच बंद पडू देऊ नका, छातीत दुखणं उफाळू शकतं.

वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर घ्या. ६० किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत ३ किलो उतरलं तर ‘दुःखामुळे’ म्हणून सोडून न देता तपासण्या करा. छातीत दुखलं, दम लागला तर त्याच दिवशी ईसीजी.

फोनवर ‘जेवलात का?’ विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. ‘आज भाजी कसली होती?’ असं विचारा.

फ्लॅटवर आणण्याची घाई नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. गावातला पार, भजनी मंडळ, सकाळी दूध घालायला जाताना भेटणारी माणसं हाही त्यांचा औषधोपचारच आहे. तिसऱ्या मजल्यावर दिवसभर टीव्हीसमोर तो तुटतो. एक वेळचं जेवण भावकीत कुणाच्या तरी पंगतीला ठरवून घ्या. मात्र पडणं, विसरणं सुरू झालं असेल तर एकटं ठेवू नका. ‘आता जगून काय करायचं’ असं बोलणं आलं तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : मी ४१ वर्षांची, अविवाहित, नोकरी करते. लग्न न करणाऱ्यांचं आयुष्य कमी असतं असं सगळे ऐकवतात.
– एक वाचक, कराड

उत्तर : विवाहितांचं सरासरी आयुर्मान जास्त दिसतं, पण मुळात निरोगी आणि कमावत्या माणसांची लग्नं जास्त होतात, हाही त्यातला एक भाग आहे. २०१० साली १४८ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं. ज्यांची नाती घट्ट, त्यांची तगून राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. माणूस एकटा राहतो की नाही एवढंच पाहिलं तेव्हा फरक थोडा होता. घर, मैत्री, शेजार, मंडळ असं सगळं मिळून मोजलं तेव्हा तो सर्वांत मोठा होता. आणि रोजच्या धुसफुशीचा संसार प्रकृतीला मानवत नाही. स्टॉकहोममधल्या हृदयरोगी स्त्रियांमध्ये वैवाहिक ताण तीव्र असलेल्यांना पुन्हा हृदयविकाराचा त्रास होण्याचा धोका जवळपास तिप्पट आढळला.

तुम्ही एक व्यवस्था मात्र आजच लावा. ब्लड ग्रुप, चालू औषधं, विम्याची पॉलिसी कुठे आहे आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण येणार, हे दोन जवळच्या माणसांशी बोलून ठेवा. घराची एक किल्ली त्यातल्या एकाकडे द्या.