मूळ ग्रंथ उघड

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

प्रबोधनकाळाने माणसाला विचाराच्या केंद्रस्थानी आणले आणि त्याच काळात कोपर्निकसने पृथ्वीला विश्वाच्या मध्यातून हलवले, या दोहोंचा मेळ कसा घालायचा, असे तू विचारतेस. तो लागत नाही म्हणून प्रबंधाचा विषयच सोडण्याची भाषा करतेस. विषय सोडू नकोस. ज्या सारांशांवर तू विसंबली आहेस, ते सोड.

इटलीतले मानवतावादी व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र शिकवीत असत. माणसाचे लेखन आणि आचरण हा त्यांचा विषय होता. विश्वात माणसाची जागा कुठे, हा दावा त्या अभ्यासाचा पाया नव्हता. तुझा विरोधाभास इथेच विरतो. एखादा ग्रंथ कोणी, केव्हा आणि कोणत्या भाषेत लिहिला, हे त्यांनी निर्भयपणे तपासले. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला सत्ता दिल्याचे सांगणारे दानपत्र चौथ्या शतकातले असूच शकत नाही, हे लोरेंझो वाल्लाने १४४० मध्ये मुख्यतः त्यातल्या लॅटिनवरून दाखवले.

आता कोपर्निकसचा मूळ ग्रंथ उघड. १५४३ मध्ये न्यूरेम्बर्गला छापलेल्या त्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत तो पोप तिसरे पॉल यांना सांगतो की, गणितज्ञांत एकमत नाही हे पाहून त्याने तत्त्वज्ञांचे ग्रंथ पुन्हा वाचायला घेतले, आणि पृथ्वी फिरते असे मानणारे प्राचीन विचारवंत त्याला सिसेरो व प्लूटार्क यांच्या लेखनात भेटले. त्याच्या नावावरचे पहिले पुस्तक तर १५०९ मधले, एका बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्यातल्या) लेखकाच्या ग्रीक पत्रांचा लॅटिन अनुवाद आहे. हे सारांशात सापडत नाही, म्हणून पुन्हा सांगतो, मूळ ग्रंथ उघड.

कोपर्निकसच्या ग्रंथाच्याच वर्षी, १५४३ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियसचा शरीररचनेवरचा ग्रंथ छापून झाला. तोवर बहुधा प्राध्यापक उच्चासनावरून प्राचीन ग्रीक वैद्य गेलेनचे वचन वाचत आणि खाली न्हावी शव कापत असे. गेलेनचे शवविच्छेदनाच्या पद्धतीवरील पुस्तक व्हेसेलियसच्याच एका पॅरिसच्या गुरूने लॅटिनमध्ये आणून १५३१ मध्ये छापले होते, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा असा आग्रह खुद्द गेलेन त्यात धरतो. इटलीतल्या पादुआत व्हेसेलियसने सुरी स्वतः हाती घेतली आणि गेलेनने वर्णिलेले पुष्कळसे माकडाचे आहे, माणसाचे नव्हे, हे त्याच्या ध्यानात आले. गेलेनने दोन हाडांचा सांगितलेला माणसाचा खालचा जबडा एकाच हाडाचा निघाला. त्याचे दुसरे गुरू सिल्व्हियस मात्र माणसाचे शरीरच गेलेननंतर बदलले, असे म्हणून गेलेनला सावरू पाहत होते. ग्रंथाला भजणे आणि ग्रंथ वाचणे यांत एवढे अंतर आहे!

मला लॅटिन फार उशिरा शिकायला मिळाले, ही खंत अजून जात नाही. मी एकाच प्रस्तावनेवर आठवडे घालवतो आणि अभ्यासक्रम अपुरा राहतो, अशी तक्रार वर्षानुवर्षे झाली. तरी मी पद्धत बदलली नाही आणि योग्यच केले, कारण त्या आठवड्यांत माझे विद्यार्थी स्वतः शंका घ्यायला शिकले. तुझी शंकाही मला त्याचमुळे मोलाची वाटते. पण ती घेऊन तू पुन्हा सारांशाकडेच का जातेस?

लॅटिन येत नसेल तर इंग्रजी अनुवादापासून सुरुवात कर. आधी कोपर्निकसची अर्पणपत्रिका आणि मग व्हेसेलियसची प्रस्तावना वाच. दोघेही जुन्यांना कुठे मानतात आणि कुठे सोडतात, ते परिच्छेदांच्या आधाराने लिहून पाठव. दुसऱ्या कुणाचा सारांश त्यात दिसला, तर मी पुढे वाचणार नाही.

तुझा,
सर